शेवटचा फॉर्मा

हेरंब, तुझ्या खाटेखाली एक खोका आहे,
टोमॅटो पेस्टचा. त्यावर बसू नकोस.
आत चौदा पुस्तकं, एक हार्ड डिस्क
आणि कसर लागू नये म्हणून कापराच्या वड्या.
खोली सोडणाऱ्याने तो पुढच्याच्या हवाली करायचा
असं कुठे लिहिलेलं नाही. पण करतात.

शुक्रवारी तुला वाटेल, झोपावं.
झोप, पण अकरापर्यंतच.
त्यानंतर डोकं जड होतं
आणि जड डोक्याने माणूस घरी फोन लावून
नको ते बोलतो.
मी बोललोय.

त्यापेक्षा डिस्कवर ‘जुने’ म्हणून फोल्डर आहे,
त्यातला सात नंबरचा सिनेमा लाव.
एक बाई शिवणयंत्र विकत घ्यायला निघते,
अडीच तास निघालेलीच असते.
घेते की नाही, सांगत नाही.
आवाज बंद ठेव, रात्रपाळीचा खड्का झोपलेला असतो.
तिचे हात बघ.

मालिका बघायची तर युसुफच्या सलूनमध्ये,
बकाल्याच्या शेजारी.
तुर्की माणसं अरबीत भांडतात,
एका दाढीत अर्धा भाग होतो.
माझं अरबी प्लँटपुरतं: व्हॉल्व्ह, गळती, उद्या, लवकर.
तेवढ्यावर तीन वर्षं काढली.
मी जिला सासू समजून शिव्या घालत होतो
ती आई आहे म्हणे, मोनिरुल सांगतो.
गोष्टीचं काही बिघडलं नाही.

शमाल सुटली, जुबैल दिसेनासं झालं,
की दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंब
आणि ते जाडजूड काढ, खलाशाचं.
पहिली ऐंशी पानं कंटाळा येईल, सोडू नकोस.
वारा पडलाय, गलबत अडकलंय,
लिहिणाराही तिथे कंटाळलेलाच आहे.
आपण समुद्रातलं मीठ काढून पाणी पाठवतो,
तो पाणी संपल्यावर
ओठांवरचं मीठ चाटत बसतो पानंच्या पानं.
वाचून झाल्यावर नळ नीट बंद करशील.

पातळसं कवितांचं आहे, डाबऱ्याचं, वसईच्या.
ते खोलीत वाचू नकोस.
ड्यूटीच्या बसमध्ये एकच कविता:
दोनदा वाचून होते,
तिसऱ्यांदा गेट येतं.

आणि मग ते पिवळ्या पाठीचं.
डॉक्टरच्या बंगल्यात म्हातारा मरतो,
नऊ माणसं, एक कुत्रा,
आणि शेवटची सोळा पानं नाहीत.
अख्खा फॉर्माच गळालाय.
मागच्या कव्हरच्या आत पेन्सिलीने लिहिलंय:

*डाबरे, ९८. डॉक्टरच.*
*परकार, २००३. डॉक्टर कसला! त्याचा कंपाउंडर.*
*म्हातारा आपणहून मेला, उगाच सगळे पळतायत.*
(खाली नाव नाही.)
शाजीला मराठी येत नाही,
त्याला मी गोष्ट हिंदीतून सांगितली, चार रात्री.
त्याने खुन्याचं नाव मल्याळममध्ये लिहिलं
आणि कोचीला निघून गेला.
ते अजून कुणाला वाचता आलेलं नाही.

चार वर्षांपूर्वी सुट्टीत
चिपळूणला रद्दीच्या दुकानात
तेच पुस्तक अख्खं मिळालं, वीस रुपयांना.
आणलं.
ते खोक्याच्या तळाशी आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं,
सुतळीची गाठ माझी.
सगळ्यांना ठाऊक आहे.
एकदा खड्का म्हणाला, बघून तरी टाकू,
आणि मग स्वतःच चहा टाकायला उठला.

काल पासपोर्ट परत आला, फायनल एक्झिट.
बावीस किलोची बॅग भरून झाली,
पुन्हा उपसून झाली.
पिवळ्यात माझंच लिहायचं राहिलंय
आणि पेन्सिल सापडत नाहीये.
सापडली की लिहितो.
मला वाटतं, कुत्र्याला माहीत होतं.

तू सावकाश वाच. तुझं नाव माझ्या खाली घाल,
अक्षर बारीक काढ.
कव्हरवर दोन बोटं जागा उरलीय
आणि ही खोली काही बंद होत नाही.