मार्केट बंद असतं त्या दिवशी

रविवारी कांदा-बटाटा मार्केट बंद.
वाशीला ट्रक नाही, पाठीवर गोणी नाही,
तरी कोपरापर्यंत साबण लावतो मी,
दोनदा, नखांखाली ब्रश घालून.
कांद्याचं टरफल कुठंही लपतं.

बाटली फ्रीजमधून काढून अर्धा तास झाला.
कोथिंबिरीच्या आणि दह्याच्या वरचा कप्पा तिचा,
तिथं दुसरं काही ठेवायचं नाही.
आमच्या देव्हाऱ्यालाही इतकी शिस्त नाही.
गेल्या मे महिन्यात कोपरखैरण्याची लाईट नऊ तास गेली
तेव्हा सुनंदा थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन
रिक्षानं रबाळ्याला गेली होती, मावसबहिणीच्या फ्रीजकडं.
बहिणीला सर्दी होती. डबा दारातच दिला,
आणि जिन्यात बसून राहिली.

बीना सिस्टर तीन रविवार आली शिकवायला.
"हलवू नका, फेस येतो," म्हणाली.
पन्नास किलोची गोणी मी उचलतो, फिरवतो, थप्पीवर टाकतो;
ही बाटली धरली की
खांद्याला कळत नाही वजन कुठं घ्यायचं.

मग सुया. दोन, मांडीला एकेक.
मागं ओढून बघायचं,
नळीत रक्त दिसलं तर पुन्हा पहिल्यापासून.
पहिल्या वर्षी माझा हात थरथरायचा
आणि हर्षल रडायचा नाही, ते जास्त लागायचं.
मी म्हणायचो, तिकडं बघ, कॅलेंडरकडं.
तो चतुर्थ्या मोजायचा.

पंप टिक करतो.
कातडीखाली टेंगूळ येतं, पुरीएवढं.
"उंट झालो," म्हणतो, "मांडीवर दोन वशिंडं."

एकदा विचारलं त्यानं, हे कुणाचं आहे?
लोकांचं, म्हटलं. हजारो लोकांच्या रक्तातनं
गाळून काढतात.
कुणाला गोवर झाला असेल, कुणाला कांजिण्या,
त्यांच्या अंगानं जे लक्षात ठेवलं, ते.
"म्हणजे मी त्यांची कॉपी करतो?"
हो. दर आठवड्याला. तुझी पाटी पुसली जाते ना.
"पकडलं तर?"

सुनंदा स्वयंपाकघरात होती.
डॉक्टरांनी कागदावर गोल आणि चौकोन काढून
हे आईकडून मुलाकडं कसं येतं ते दाखवलं,
तेव्हापासून या वेळी ती तिथंच असते.
भांडी घासते. घासलेलीच.

बाटलीवरचं लेबल सोलून वहीत चिकटवायचं.
बॅच नंबर, तारीख, किती वाजता सुरू, किती वाजता बंद.
टोळीच्या हिशेबाची असते तसलीच लाल वही.
एकशे सदतीस रविवार झालेत.

आज सुईचं पाकीट फाडलं आणि हर्षल म्हणाला, दे.
काय दे?
मीच घालतो.
नऊ वर्षांचा. पुढचा दात पडलेला.
स्पिरिटचा कापूस फिरवला, वाळेपर्यंत थांबला
(मी फुंकर मारतो, मारायची नसते),
दोन बोटांत मांडी चिमटीत धरली,
आणि मान वर न करता म्हणाला,
पप्पा, तिकडं बघ. कॅलेंडरकडं.

मी बघितलं.
बुधवारी संकष्टी. शुक्रवारी गॅस, सुनंदाच्या अक्षरात.
माझे दोन्ही हात
मांडीवर उताणे पडले होते,
माल उतरून झालेल्या गाडीसारखे.

"झालं," तो म्हणाला. "रक्त नाही. बघ की."

पंप टिक. टिक.
जिन्यात खालच्या मजल्यावरचं कुणीतरी खोकलं.
दार लावायला उठलो, तर
सुनंदानं आधीच लावलं होतं,
पाठ टेकून उभी होती त्याला,
ओल्या हातांनी,
त्याच्याकडं बघत.