अकरा सेकंद

रात्री दीडच्या सुमारास जुना सिनेमा लागतो
आणि लुव्हेनिया बॅस्किन दार ढकलून आत येते.
पांढरा एप्रन, हातात चांदीचा ट्रे.
नायिका खिडकीशी रडते आहे.
"चहा, बाईसाहेब."
अकरा सेकंद. मी मोजलेत.
श्रेयनामावलीत तिचं नाव नाही,
नुसतं 'मोलकरीण' असंही नाही.

टोलेडोत, डोर स्ट्रीटवरच्या चर्चच्या तळघरात
ती आम्हाला नाटक शिकवायची.
मी चौदा वर्षांचा, दिव्यांवर.
दिवे म्हणजे दोन बल्ब आणि कॉफीचे रिकामे डबे.
बॉयलर भलत्याच वेळी खोकायचा,
ती त्याला दटावायची,
"थांब रे, तुझी एंट्री अजून आहे."

माझ्या आईनं एकदा तोंडावरच विचारलं,
तो एप्रन चढवलासच कसा तू, लुव्हेनिया?
ती बराच वेळ हातमोज्याची शिवण चाचपत राहिली.
"भाडं," म्हणाली.
मग थोड्या वेळानं:
"ट्रे टेबलावर ठेवायला लागतो
तेवढाच जन्म त्यांनी मला लिहून दिला होता.
मी हळू ठेवायला शिकले."

त्याच हिवाळ्यात
आमच्या गल्लीतल्या एकोणीस घरांनी भाडं रोखलं.
नळ गोठलेले, भिंतींना ओल,
आणि घरमालकाच्या कचेरीसमोर
ती, लोकरी टोपीत, मोठ्यानं कविता वाचत.
कविता कसली, गळक्या छपरांची यादी:
मिसेस टॉलिव्हर, वरचा मजला, दोन बादल्या.
ऑर्फा गेन्स, बाळाच्या पाळण्यावर, एक पातेलं.
गॅसच्या बिलाच्या पाठीवर लिहिलेली.

पोलिसानं तिचं नाव अर्धंच टिपलं,
तर बेड्यांतल्या हातांनी तिनं पेन मागितलं.
"पूर्ण लिहू दे, पोरा.
तुमच्या तरी यादीत असू दे."

ती गल्ली आता नाही. वरून हायवे जातो.
चर्च आहे, तळघरात खुर्च्या रचून ठेवल्यात.
बिलं माझ्याकडे आहेत, बुटांच्या खोक्यात,
शाई फिकी होत चाललेली.
छापा म्हणतात लोक. छापीन.
तिचं 'ळ'सारखं वळणदार एल मला अजून
सगळीकडे लागत नाही.

पण सिनेमा लागला की मी जागतो.
ट्रे टेकतो, कपबशी जराशी किणकिणते,
आणि वळण्याआधी ती मान वर करते.
नायिकेकडे नाही.
सरळ माझ्याकडे, अर्धा सेकंद,
कापणाऱ्याच्या नजरेतून निसटलेला.

मी उठतो, खोलीतला दिवा लावतो.
दिव्यांवर अजून मीच आहे.