पाठ क्रमांक अकरा

राजापूरहून सहा चाळीसची एसटी
नाट्याला पोचते तेव्हा शाळेचं फाटक बंद असतं.
पायरीवर बसून मी टाचण पुन्हा वाचते :
घटक – पुनरावृत्ती. इयत्ता आठवी ब. पस्तीस मिनिटं.
उद्दिष्ट एक : लूप म्हणजे काय ते
विद्यार्थी स्वतःच्या शब्दांत सांगतील.
स्वतःच्या शब्दांत. लिहायला काय जातंय.

उजवीकडे एक रकाना असतो : 'अपेक्षित उत्तर'.
मुलांनी तोंड उघडायच्या आधी
त्यांचं बोलणं तिथं मी भरून ठेवते,
सुवाच्य अक्षरात.

संगणक कक्षात यंत्रं नऊ, चालू चार.
बाकीची खाऱ्या वाऱ्यानं खाल्ली.
सदूभाऊ कुलूप काढता काढता म्हणतात,
"बाई, ह्येंका बर्फात ठेवूक व्हया होतां."
बर्फाचं मला सांगू नका, सदूभाऊ.
सात वर्षं बर्फाच्या कारखान्यात बिलं फाडली मी.
मग एक दिवस कोल्हापूरचा एक माणूस
खोक्यातून कॉम्प्युटर घेऊन आला.
पासवर्ड टाकताना डाव्या हातानं कीबोर्ड झाकायचा,
जेवताना ताट झाकावं तसा.
"मॅडम, तुम्ही फक्त एंटर दाबा."

दोन वर्षं दाबलं.

म्हणून मग रात्रीची पदवी, म्हणून चौतिसाव्या वर्षी बी.एड.,
बाकावर शेजारी बावीस वर्षांच्या मुली
मला ताई म्हणतात आणि माझं टाचण उतरवून घेतात.

आज सहाव्या मिनिटाला लाइट गेली.
माझ्या चौदा स्लाइडी पडद्यावरून पुसल्या गेल्या.
मागच्या बाकावर आचरेकर सर,
त्यांच्या मांडीवर निरीक्षणाचा कागद,
आणि अंधारात पंख्याचं शेवटचं पातं थांबताना
बेचाळीस डोकी माझ्याकडे वळलेली.

खडू घेतला. फळ्यावर एकच शब्द लिहिला :
जोपर्यंत.
"जोपर्यंत काय?"

बराच वेळ कुणीच बोललं नाही.
मग मिस्बाह होडेकर, उभी न राहताच :
"जोवर जाळं होडीत येत नाय, तोवर रस्सी वढायची."
हे अपेक्षित उत्तरात नव्हतं.
याहून बरं उत्तर माझ्या पुस्तकातही नव्हतं.
मी लिहून घेत होते तेवढ्यात खिडकीजवळून
मेघश्याम आडविरकर :
"नि रस्सी तुटली तर?"

शब्द जिभेवर होता माझ्या. ब्रेक.
पण वर्गच उसळला :
दुसरी बांधायची. नाय, गाठ मारायची.
गाठ मारलेली रस्सी कप्पीतून जात नाय रे.
तर मग रिकामी होडी घेऊन परत यायचं.
"आणि डिझेलचे पैसे?" कुणीतरी विचारलं,
आणि त्यावर कुणाकडेच काही नव्हतं.
शेजारच्या वर्गावरच्या बाई डोकावून गेल्या.
घंटा झाली.

सरांचा कागद :
वर्गनियंत्रण – साधारण.
तांत्रिक साधनांचा वापर – नाही.
मुलांकडे पाठ – दोन वेळा.
समारोप – झाला नाही.
पन्नासपैकी एकतीस.
खाली वेगळ्या शाईत, बहुधा चहा घेताना लिहिलेलं :
"रस्सीचं उत्तर द्यायचं राहिलं. द्या."

मधल्या सुट्टीत लाइट आली.
जुन्या टूथब्रशनं मी कीबोर्डमधलं मीठ काढत होते.
मिस्बाह दारात. "बाई, पासवर्ड काय हिचा?"
माझा डावा हात
आपोआप कीबोर्डवर गेला.

पाठ क्रमांक बारा, सोमवार. घटक – सायबर सुरक्षा.
उद्दिष्ट एक : पासवर्ड कुणालाही सांगू नये
हे विद्यार्थ्यांना पटेल.
बरोबरच आहे ते. मीच शिकवणार आहे.

परतीच्या गाडीत वही मांडीवर.
डाव्या रकान्यात प्रश्न लिहिला :
काय झाकायचं, आणि काय झाकायचं नाही?
उजव्या रकान्यात पेन टेकवलं,
तर घाटीच्या वळणावर ड्रायव्हरनं
करकचून ब्रेक मारला,
आणि रकानाभर
एक तिरकी रेघ.

ती खोडली नाही अजून.