चौपन्न गुंजा

राधिका रोडला माझं दुकान. बॅटी, शटलचे डबे, कॅरमची पावडर,
आणि गेली आठ वर्षं तिरंदाजीचं सामान.
वडील सोनार होते. त्यांचा तराजू गल्ल्याशेजारी आहे,
त्यावर आता मी बाणांची टोकं तोलतो.

पाडवा होऊन चार दिवस झालेले.
मेढ्याकडच्या पहिल्या एसटीनं बापलेक आली.
मुलगी अकादमीतली, यमुना हिलम,
डाव्या हातावर प्रत्यंचेचा निळसर वळ.
बापानं चपला दाराशी काढल्या.
राहू द्या म्हटलं, तरी काढलेल्याच.

"शंभर ग्रेनची सहा," ती म्हणाली.
"एकशेवीसनं बाण लवकर नाक खाली घालतो,
ऐंशीनं वाऱ्यात शेपूट हलवतो."
बापानं विचारलं, "ग्रेन म्हंजी किती?"

मी एका पारड्यात टोक ठेवलं,
दुसऱ्यात वडिलांच्या डबीतल्या गुंजा, एकेक.
चौपन्नाव्या गुंजेला काटा सरळ झाला.
तो वाकून बघत राहिला. लाल अंग, काळा ठिपका.
"रानकोंबड्याचा डोळा," म्हणाला.

तेवढ्यात त्याला ती दुसरी डबी दिसली.
पार्सलात चुकून आलेली,
परत धाडायला खर्च जास्त म्हणून पडून राहिलेली.
तीन पात्यांचं टोक. उडताना मिटलेलं,
लागलं की दोन इंच उघडणारं.
डबीवर पक्ष्याचं चित्र: मोरापेक्षा बुटका पिसारा,
गळ्याशी लोंबणारं लाल कातडं.

"टर्की," मी वाचून सांगितलं. "परदेशात मारतात, वसंतात.
माणूस मादीचा आवाज काढतो, नर चालत येतो."
"चालत?"
"असं लिहिलंय."
तो हसला. "म्हंजी तिकडंबी चैतातच येडा हुतो."

त्यानं पातं नखानं उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.
"पंख मिटून बसलेलं पाखरू म्हंजी कौलारू छप्पर.
वरनं मारलं की घसरतंय.
आन बसलंच, तर खायला काय ऱ्हायलं?
आज्याच्या भात्यात पाखराचा बाण निराळा.
लोखंडच न्हाई. खैराचं बोंड, बोराएवढं.
पाखरू पडायचं, फाटायचं न्हाई.
पातं डुकराला."
जरा थांबून म्हणाला, "आता समदंच बंद. कायदा हाय.
आन जंगलात काय बी झालं,
वहीत पयलं नाव आमचं."
तक्रार नव्हती त्यात. एसटीची वेळ सांगावी तसं बोलला.

"आवाज कसा काढायचा?" मी विचारलं.
"बाबा, नको," यमुना म्हणाली. तिचे कान लाल झालेले.
त्यानं तळवा ओठांशी नेला.
पाचोळ्यावर हलकं पाऊल पडावं, तसं काहीतरी आलं आधी,
मग त्यातच एक बारीक आर्जव.
शटल निवडणारी दोन पोरं थांबली.
समोरच्या चिकन सेंटरच्या पिंजऱ्यात
पांढऱ्या दाटीतून एक मान वर झाली.

मग यमुनानं साही टोकं तोलून घेतली.
एक हलकं निघालं, ते बदलायला लावलं.
बापानं त्यातलं एक तळहातावर घोळवलं,
आखूड, गोलसर नाकाचं.
"ह्ये बरं," म्हणाला, "बोंडाच्या जवळचं."
रुमालातले पैसे दोनदा मोजून दिले.
तीन पात्यांचं टोक मिटून, डबीत घालून,
चित्राची बाजू खाली करून ठेवलं.

ती गेल्यावर मी गुंजा भरल्या.
त्रेपन्न.
पुन्हा मोजल्या. त्रेपन्न.
त्या क्षणी माझ्या मनात पहिलं नाव कुणाचं आलं
ते मी लिहीत नाही.

चौपन्नावी पारड्याखाली होती,
दोरीच्या गाठीत अडकलेली,
ठिपका माझ्याकडे करून.