उतार

लुमाण्णा मामा पलटणीतून कायमचा घरी आला तेव्हा
एक ट्रंक होती, रमच्या दोन बाटल्या,
उजव्या पायाला दोन बोटं कमी,
आणि गोणपाटात गुंडाळलेली एक लांबडी फळी,
टोकाला होडीसारखी वर वळलेली.
मामीनं उलटीपालटी करून बघितली.
'एकच? जोडीची कुठं हाय?'
'ऱ्हायली तिकडं,' एवढंच तो बोलला.
चैतात मामीनं तिच्यावर सांडगे घातले.

चिगुळ्याच्या पठारावर बर्फ पडत नाही.
पडतो तो पाऊस, चार महिने, आडवा.
कणकुंबीची बस आम्ही आवाजावरनं ओळखायचो,
पाटी धुक्यात, आणि धुकं नसलं तरी
ती आम्हाला वाचायला येत नव्हती.
त्या दिवसांत मामा आम्हाला नुसतं चढवायचा.
पोटऱ्यांना तंबाखूचं पाणी, जळवा लागू नयेत म्हणून,
डोक्यावर पोत्याची खोळ.
शंभरेक पावलांवर तो थांबायचा, कान देऊन.
'काय ऐकूलास मामा?'
'गवा हाय काय बघूलोय.'
गवा नसायचा.
फार नंतर, एका रात्री बाटली संपताना, म्हणाला:
बर्फ सुटायच्या आधी पोटातनं एक हुंकार देतो,
गाभण म्हशीसारखा.
तेवढा ऐकू आला तर आला.

भाद्रपदात गवत कमरेला लागायचं,
आत दगड कुठला, बीळ कुठलं, कळायचं नाही.
'थांबा,' म्हणायचा.
दिवाळीला ते पिवळं पडलं तरी 'थांबा'.
मार्गशीर्षात पहाटे दंवानं विजार ढोपरापर्यंत भिजायची,
तो एकटाच उतारावर जाऊन यायचा,
आम्ही चुलीपाशी.
माघ लागला की वारा गवताला एका अंगावर झोपवायचा,
तेल लावून विंचरल्यासारखं.
मामा तळहात फिरवून बघायचा,
वरनं खाली, मग खालनं वर.
'आता घ्या.'

रामू देसायाच्या बागेतल्या पोफळीच्या विऱ्या,
सुंभानं पायाला करकचून बांधलेल्या.
मी परकर खोचलेली.
'ढोपर वाकीव. पायाकडं बघू नगंस.
वजन दरीकडं दे.
भिऊन डोंगराकडं रेललीस की पडलीस.'
पडलेच. सगळे पडलो.
यल्लूचा एक दात अजून तिथंच कुठंतरी आहे.
पण एकदा, एकदाच बहुतेक, मी शेवटपर्यंत गेले,
कानांत गवताची सळसळ, तोंडात भुसा,
खाली महादयीकडं उतरणारं सगळं रान
माझ्या अंगावर धावत येत होतं,
आणि मागनं मामाची शिट्टी,
परेडची.

नोकरी लागल्यावर तीन वर्षं पैसे साठवून मी गुलमर्गला गेले.
भाड्याचे बूट, दुसऱ्याच्या घामाचा वास असलेले.
शिकवणाऱ्या पोरानं विचारलं, आधी केलंय?
केलंय.
कुठं?
खानापूर तालुका.
तिकडं किती पडतो बर्फ?
मी ढोपराएवढा हात दाखवला.
तो मान हलवून पुढं गेला, मला वाटतं त्याला पटलं.

बर्फाला आवाज नसतो, म्हणजे मला वाटलं होतं तसा नसतो.
अर्ध्या उतारावर मी थांबले, कान देऊन.
मागनं येणारे ओरडले, बाजूला व्हा बाई.
झाले.
मग वजन दरीकडं दिलं.

रात्री फोन लावला.
मामा म्हणाला, यंदा वणवा लागला,
पठार तव्यागत काळं झालंय,
पोरं विऱ्या घेऊन आली, परत पाठवली.
मामी मागनं सांगत होती, थंडी हाय काय विचारा.
त्यानं विचारलं नाही.
'दोन्ही फळ्या हुत्या?'
होत्या मामा.
बराच वेळ नुसती रेंजची खरखर,
मला वाटलं लाईन गेली.
'दोन्ही परत दिलीस न्हवं?'