भरमूची टोपी

लोकर मीच आणली होती गणपत गल्लीतून.
लाल, पिवळी, हिरवी.
चौदा वर्षांनी गोव्याहून परत आला तेव्हा
भरमूच्या पाठीवर कमरेपर्यंत जटा,
खांद्याला चार तारांचं गिटार, त्यातली एक तुटलेली,
आणि तोंडात कुठल्याशा हबशी राजाचं नाव.

आईनं दारातच बघितलं. आधी जट, मग पोरगा.
तिची स्वतःची नवव्या वर्षी आलेली.
फणी अडकली, चार म्हाताऱ्यांनी भंडारा लावला,
सौंदत्तीची आई केसांत आली म्हणाल्या.
एकोणचाळीस वर्षांनी निपाणीच्या बायांनी येऊन कापली,
तेव्हा मान इतकी हलकी झाली
की दोन दिवस भिंत धरून चालत होती.

"काय करूलालास रे हे? कुणी सोडली तुला?"
"कुणी नाही. मीच ठेवली."
त्यावर ती काही बोलली नाही.
पाणी तापवलं.

मीठ खायचा नाही. आमटी वेगळी काढायला लागायची.
कॅम्पात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानामागे
पोरं गोळा करायचा, सांगायचा,
एकावर वाजवू नका, एकावर सगळं गाव वाजवतं.
एक जाऊ दे. मग हात मार.
पोरं चुकायची.
मग आईचं चौंडकं काखेत धरून तार ताणायचा :
हे बघा, आधी पोटात, मग कानात.

नोव्हेंबरची एक तारीख.
आमच्या गल्लीत दंडांवर काळ्या फिती,
चौकात लाल-पिवळे झेंडे.
भरमू टोपी घालून दूध आणायला गेला.
आमच्याच पोरांनी अडवलं : लाल-पिवळं? फिरलास काय?
पुढच्या चौकात त्यांनी अडवलं : हसिरु याके?
खालचं हिरवं कसलं?
दोन्हीकडे हसला म्हणे.
दुधाची पिशवी फुटली, टोपी गटारात.
घरी येऊन म्हणाला,
"आक्का, परत विण. हिरवं जरा वाढव."

काविळीनं गेला.
पाला खाईन म्हणाला, दवाखाना नको.
लोक त्याला साधू म्हणतात,
मी अजून त्याच्याशी भांडते, भांडी घासताना.

मागे एक कॅसेट राहिली.
अर्धं मराठी, अर्धं कन्नड,
आणि मधे मधे नुसतं थांबणं.
शेजारची निंगव्वा ती ऐकून ऐकून शिकली,
आता कॉलेजात तेच गिटार वाजवते, चौथी तार घालून.

परवा आली, म्हणाली, टोपी पाहिजे.
सुया काढल्या, लोकर सोडली.
पहिला टाका घालायला गेले
तर हात वरच्या वर राहिला.

तिनं बघितलं.
पायानं ताल धरला,
आणि थांबली माझ्यासाठी.