सँपल फ्लॅट, सातवा मजला

बन्नी, बन्नी. चपला बाहेरच राहू देत,
फरशी नवी आहे, पाय सरकतो.
हा हॉल. खिडकी पूर्वेला, वास्तूला धरून.
खाली दिसतंय ते पार्किंग.

पार्किंगच्या जागी गंगव्वाची भट्टी होती.
नवसागराचा वास आमच्या वेण्यांतसुद्धा.
रिक्षावाला वडगावच्या नाक्यावरच उतरवायचा,
पुढं तुमचं तुम्ही बघा की, म्हणायचा.

होय की, एरिया एकदम शांत.
गेटवर चोवीस तास माणूस आहे.

तो माणूस भर्मा.
त्याच्या एका शिट्टीवर
गल्लीची सगळी दारं आतून लागायची.
आता गाड्यांचे नंबर वहीत उतरवतो,
मराठीत, कन्नडमध्ये, गोल गोल अक्षरांत.
अक्षरं हिंडलग्याच्या जेलात शिकला.
मला ओळखतो. ओळख देत नाही.
मीही नाही.

अडुसष्ट लाख. बसून बोललं तर
थोडं खाली-वर होईल.

बाई बाल्कनीतून वळून विचारतात,
मोदलु इल्लि एनित्तु?
पूर्वी काय होतं इथं?

काही नाही, मोकळंच होतं, म्हणते मी.

आणि खोटं कुठं आहे?
सातव्या मजल्यावर तेव्हा नुसती हवाच होती.
आईच्या मागाची खटखट
एवढ्या वर येत होती की नाही,
कुणी बघितलंय?

साहेब बेडरूमच्या भिंतीवर
बोटानं ठोकून बघतात. परत एकदा ठोकतात.

भरीव आहे, सांगते.